प्रवासी बोटीवरील मद्यपान : रिसॉर्टचा परवाना बोटीला लागू होतो का?

प्रश्न : महाराष्ट्रातील एका खाडीत माझी प्रवासी बोट संध्याकाळच्या फेऱ्या करते. किनाऱ्यावरील एका रिसॉर्टशी माझा करार असून त्यांच्याकडे परमिट रूमचा परवाना आहे. प्रवासी तेथून बाटल्या घेऊन येतात आणि बोटीवर पितात. ग्लास, बर्फ आणि सोडा मी तिकिटातच देतो. मी स्वतः दारू विकत नाही. नुकतेच राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या पथकाने जेट्टीवर बोट तपासली, बाटल्या जप्त करून पंचनामा केला आणि मला जबाबासाठी बोलावले आहे. मी दोषी ठरतो का? बोट जाईल का? पुढे रीतसर परवाना मिळू शकेल का?

उत्तर : आपण दारू विकत नाही हे म्हणणे खरे धरले, तरी त्याने केवळ विक्रीच्या आरोपाला उत्तर मिळते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ विक्रीपुरता थांबत नाही; विनापरवाना बाळगणे, पिणे आणि पिण्यासाठी जागा उपलब्ध करून देणे यांचाही त्यात स्वतंत्रपणे विचार केलेला आहे. जागेचा मालक किंवा व्यवस्थापक स्वतःच्या फायद्यासाठी तेथे दारू पिऊ देत असेल, मग तो फायदा पिण्याच्या शुल्कातून होवो, जागेच्या वापरातून होवो किंवा इतर सोयी पुरवण्यातून होवो, तर कायदा त्या जागेला मद्यपानाचा अड्डा मानतो आणि असा अड्डा चालवणे हा कलम ६८ खाली गुन्हा आहे. आपले तिकीट या व्याख्येच्या फार जवळ जाते. ग्लास, बर्फ आणि सोडा ही सोय आहे, तिकिटाची रक्कम हा फायदा आहे, आणि बोट पाण्यावर असते म्हणून ती ‘जागा’ ठरत नाही हा युक्तिवाद न्यायालयात टिकेल असे मला वाटत नाही. त्यामुळे आपली बाजू आज कमकुवत आहे, हे मी स्पष्टपणे सांगतो.

रिसॉर्टच्या परवान्याचा आधार आपल्याला घेता येणार नाही. परमिट रूमचा परवाना मंजूर नकाशात दाखवलेल्या जागेपुरता आणि त्या जागेत बसून पिण्यासाठी असतो. तो ग्राहकाच्या हातातील बाटलीबरोबर जेट्टी ओलांडून बोटीवर येत नाही. उलट, तेथून बाटल्या बाहेर दिल्या गेल्या असतील, तर रिसॉर्टनेही स्वतःच्या परवान्याच्या अटी मोडल्या आहेत. म्हणजे या प्रकरणात रिसॉर्टचे हित आणि आपले हित एक राहिलेले नाही. त्यांनी सुचवलेल्या वकिलाकडे न जाता आपला स्वतंत्र वकील नेमावा, हे मी आग्रहाने सांगेन. ‘सर्व कायदेशीर परवानग्यांची जबाबदारी रिसॉर्टची’ असे कलम करारात असेल, तर पुढे त्यांच्याकडून नुकसानभरपाई मागण्यासाठी ते उपयोगी पडेल. शासनासमोर मात्र ते आपला बचाव ठरणार नाही.

जबाबाला गैरहजर राहू नये. जाण्यापूर्वी पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी आणि आपल्यावर नेमकी कोणती कलमे लावली आहेत ते पाहावे, कारण अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करण्याची गरज आहे की नाही हे त्यावरच ठरेल. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संरक्षण संविधानाच्या अनुच्छेद २० ने दिले आहे; परंतु गप्प राहण्याचा अधिकार आणि खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे. ‘प्रवासी काय पितात हे मला ठाऊक नव्हते’ असे कृपया लिहून देऊ नका. तिकिटावरच सोडा आणि बर्फाचा उल्लेख असताना असा जबाब आपली उरलेली विश्वासार्हताही घालवील.

बोटीबद्दलची आपली भीती समजण्यासारखी आहे. ज्या मद्याबाबत गुन्हा घडला ते वाहून नेण्यासाठी वापरलेली वाहने आणि नौका सरकारजमा होण्यास पात्र ठरतात, अशी तरतूद कलम ९८ मध्ये आहे. ‘पात्र’ याचा अर्थ ती आपोआप जमा होते असा नाही. मालकाला आपले म्हणणे मांडता येते. मद्य प्रवाशांचे वैयक्तिक होते, बोट चोरटी वाहतूक करण्यासाठी वापरली गेली नव्हती, हा आपला मुख्य मुद्दा राहील. नोंदणी आणि सर्व्हे प्रमाणपत्र, विमा, कर्जाची कागदपत्रे आणि प्रवासी यादी आताच एकत्र करून ठेवा.

परवान्याचा मार्ग पूर्णपणे बंद नाही. जहाजावर विदेशी मद्य विकण्यासाठी जहाज कंपनीला किंवा जहाजाच्या कप्तानाला परवाना देण्याची सोय अधिनियमात आहे, आणि एखाद्या समारंभापुरता तात्पुरता परवानाही मागता येतो. खाडीतील छोट्या बोटीला तो द्यायचा की नाही, हे विभागाच्या निर्णयावर अवलंबून राहील. म्हणून राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयाकडे लेखी अर्ज करून लेखीच उत्तर घ्यावे. परवाना मिळाला तरी बीअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा, पिणाऱ्याचा वैयक्तिक परवाना आणि कोरडे दिवस (मद्यविक्री बंद ठेवण्याचे दिवस) हे सर्व पाळावे लागेल. मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत मतदान क्षेत्रात मद्य देण्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १३५ग मनाई करते, आणि ती मनाई खाजगी जागेलाही लागू असते.

आपण विचारलेले नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशांची. मद्यधुंद प्रवासी एका बाजूला गोळा झाले की लहान बोटीचा तोल जातो, आणि अंधारात पाण्यात पडलेला माणूस शोधणे अतिशय कठीण असते. अशा वेळी भारतीय न्याय संहितेची निष्काळजी नौकानयनाविषयीची (कलम २८२), असुरक्षित किंवा जास्त भार असलेल्या नौकेतून भाड्याने माणसे नेण्याविषयीची (कलम २८४) आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याविषयीची (कलम १०६) कलमे समोर येतात. त्या तुलनेत आजचा पंचनामा फार लहान बाब आहे.

म्हणून जबाबाची तारीख येण्यापूर्वीच ग्लास, बर्फ आणि सोडा देणे बंद करा, तिकिटावरील तो मजकूर काढून टाका, जेट्टीवर मद्य बोटीत आणण्यास मनाई असल्याचा फलक लावा आणि रिसॉर्टला तसे लेखी कळवून त्याची पोच घ्या. ज्या प्रवाशाला हे मान्य नसेल त्याला तिकिटाचे पैसे परत देऊन बोटीत न घेण्याची अट नव्या तिकिटावर छापून घ्यावी.