तापी, नदी आणि कॅपिटल अक्षर

अमळनेरच्या एका पालकांनी विचारले आहे की, मुलीने इंग्रजी निबंधात भुसावळजवळच्या प्रवासाचे वर्णन करताना ‘तापी रिव्हर’ लिहिताना रिव्हरचा ‘आर’ कॅपिटल काढला आणि पुढच्याच वाक्यात ‘द रिव्हर’ लिहिताना तो लहान काढला. नदी तीच असताना यांपैकी चूक कोणती?

चूक कोणतीच नाही. गोंधळ होतो तो कॅपिटल अक्षरालाच विशेषनामाचे लक्षण मानल्यामुळे. ते लक्षण नव्हे, लेखनातला संकेत आहे. जर्मन भाषेत प्रत्येक नाम कॅपिटल अक्षराने सुरू होते, आणि १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेतही साधी सामान्यनामे सर्रास कॅपिटलने लिहिलेली दिसतात. देवनागरीत तर ही सोयच नाही, तरी आपले काही अडत नाही, कारण भेद आपण अर्थावरून करतो.

इंग्रजीतही तो अर्थावरूनच करावा. विशेषनामाला इंग्रजीत ‘प्रॉपर नाउन’ म्हणतात, पण ‘प्रॉपर’ याचा येथे ‘योग्य’ असा अर्थ नाही. ज्या लॅटिन शब्दापासून तो आला त्याचा अर्थ ‘स्वतःचा’ असा आहे, म्हणजे एकाच वस्तूचे स्वतःचे नाव ते प्रॉपर नाउन आणि जातीतल्या सर्वांना लागू पडणारे सामाईक नाव ते कॉमन नाउन. गिरणा, पांझरा आणि वाघूर या तापीलाच मिळतात, पण त्यांना तापी म्हणता येत नाही. नदी मात्र चौघींनाही म्हणता येते. ‘तापी रिव्हर’ या जोडनावात रिव्हर हा शब्द नावाचाच अवयव झाला म्हणून तो कॅपिटलने येतो, आणि सुटा झाला की पुन्हा जातिवाचक होतो. विशेषनामाआधी ‘द’ येत नाही, ही पाठ केलेली खूणही अपुरी आहे, कारण जळगावला ‘द’ लागत नसला तरी इंग्रजीत नद्यांच्या आणि पर्वतरांगांच्या नावांना तो लागतो.

खरी मौज पुढे आहे. ‘आमच्या वर्गात तीन पाटील आहेत’ (खान्देशात तीनवर भागले तर नवलच!) या वाक्यात पाटील हे आडनाव एकाचे राहिले नाही, त्याला संख्या जोडली गेली, म्हणून मराठी व्याकरण अशा जागी विशेषनामाचा उपयोग सामान्यनामासारखा झाला असे मानते. इंग्रजीतही अशा आडनावाला अनेकवचनाचा ‘एस’ लागतो, म्हणजे वागणूक सामान्यनामाची होते. तरीही त्याचा ‘पी’ कॅपिटलच राहतो. नुसत्या अक्षरावर विसंबणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो.

काही ठिकाणी मात्र संकेत सरळ लक्षातच ठेवावा लागतो. वार, महिने आणि भाषांची नावे, अहिराणीसुद्धा, कॅपिटलने लिहितात, पण उन्हाळा-हिवाळा लहान अक्षराने लिहितात. याला तर्कशुद्ध कारण शोधत बसू नये. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या नोंदणीकृत नावात ‘जळगाव बनाना’ हे दोन्ही शब्द कॅपिटलने येतील. बाजारातून डझनाने आणलेले केळे मात्र, ते थेट रावेरच्या बागेतले असले तरी, लहान ‘बी’नेच लिहावे.