घटस्फोटानंतर मुलगा माझ्याकडे राहतो, पण त्याच्या वडिलांनी अमेरिकेतल्या टॅक्स रिटर्नमध्ये त्याला आधीच डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) दाखवलं. आता काय करू?

ताई, आधी एक कबुली देतो. तुमच्या प्रश्नातल्या त्या वडिलांच्या जागी काही वर्षांपूर्वी मी होतो. त्यामुळे हे उत्तर हरलेल्या बाजूकडून आलंय असं समजा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगा आठ वर्षांचा. शाळेचे दिवस तुमच्याकडे, एक वीकेंड सोडून एक वडिलांकडे. घटस्फोटाच्या डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या आदेशात, टॅक्सबद्दल चकार शब्द नाही. तुमचं २०२५ चं रिटर्न आर००००-५०७-०१ हा कोड दाखवून परत आलं, कारण वडिलांनी फेब्रुवारीतच भरून टाकलं होतं. आणि त्यांचं म्हणणं, 'चाइल्ड सपोर्ट मी देतो, म्हणजे मुलगा माझ्या रिटर्नवर.'

तो कोड म्हणजे निकाल नव्हे. मुलाचा हा सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) दुसऱ्या कुणाच्या तरी रिटर्नवर आलेला आहे, एवढंच कॉम्प्युटर सांगतो. बरोबर कोण, हे त्याने बघितलेलंच नसतं. (पूर्वी तेवढंही कळत नसे. १९८७ च्या रिटर्नपासून पाच वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांचा नंबर लिहिणं सक्तीचं झालं आणि अमेरिकेतले सुमारे ७० लाख डिपेंडंट एका वर्षात गायब झाले. बरेचसे मुळात नव्हतेच, आणि काही एकाच वेळी आई-बाबा दोघांच्या कागदावर नांदत होते.)

आता माझी गोष्ट. मी न्यू जर्सीत राहतो. माझ्या डिक्रीत स्वच्छ लिहिलं होतं: सम वर्षी वडील, विषम वर्षी आई. २०२२ सम वर्ष, म्हणून मी मुलाला दाखवलं आणि वर हेड ऑफ हाउसहोल्डही लावलं, म्हणजे एकट्याने घर चालवणाऱ्याला मिळणारी कर-सवलत. मुलाच्या आईच्या टॅक्सवाल्याने तिला सांगितलं, मुलगा तुमच्याकडे राहतो ना, मग तुम्हीच दाखवा. दोघांनाही आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून, सीपी ८७ए नावाचं पत्र आलं: हाच डिपेंडंट दुसऱ्यानेही दाखवलाय, आपलं रिटर्न तपासा. त्यात दुसरा कोण ते लिहीत नाहीत, पण आमच्यात ओळखायचं काय होतं! मी डिक्रीच्या त्या ओळीवर पिवळा हायलाइटर फिरवला आणि लायब्ररीत टॅक्ससाठी मोफत मदत करणारे स्वयंसेवक बसतात त्यांच्याकडे गेलो. तिथल्या निवृत्त बाईंनी माझी पानं न वाचताच बाजूला सारली आणि विचारलं, "मुलगा झोपतो कुठे?"

सगळा कायदा त्या एका प्रश्नात आहे. वर्षभरात ज्या पालकाकडे मूल जास्त रात्री झोपलं, तो आयआरएसच्या लेखी ताबा असलेला पालक. फी कुणी भरली, चाइल्ड सपोर्ट किती दिला, याने फरक पडत नाही. रात्री अगदी समान निघाल्या तरच ज्याचं उत्पन्न जास्त त्याला हक्क, आणि ३६५ ही विषम संख्या असल्यामुळे तशी वेळ सहसा येत नाही. २०२४ लीप वर्ष होतं, तेव्हा १८३-१८३ शक्य होतं. पालकाची रात्रपाळी असेल तर मात्र रात्रींऐवजी दिवस मोजतात.

घरी येऊन मी फ्रिजवरचं कालनिर्णय काढलं आणि निळ्या पेनाने माझ्या रात्रींवर गोल करत गेलो. जुलै-ऑगस्टमध्ये मुलगा सहा आठवडे सांगलीला माझ्या आईकडे होता. त्या ४२ रात्री मी खुशाल माझ्या धरल्या. आई माझी, म्हणजे रात्री माझ्या! पुढच्या खेपेला बाई हसल्या. मूल तिसरीकडे झोपलं तर ती रात्र ज्या पालकाकडे ते एरवी झोपलं असतं त्याच्या नावावर जाते. वेळापत्रकाप्रमाणे ४२ पैकी माझ्या वाट्याला १२ आल्या. एकूण १०४ माझ्या, २६१ तिच्या. तुमचा मुलगाही सुट्टीत भारतात जात असेल, तर हे ध्यानात ठेवा, कारण 'तो तर माझ्या आईकडे होता' हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल.

डिक्रीचं काय? २००८ नंतरच्या डिक्रीची पानं रिटर्नला जोडून चालत नाहीत. तिकडे एकच कागद चालतो, फॉर्म ८३३२, म्हणजे मुलाला दाखवायचा हक्क दुसऱ्या पालकाला सोडल्याचा फॉर्म, आणि त्यावर ताबा असलेल्या पालकाची सही लागते. ती मी घेतलीच नव्हती. समोरचा डिक्री पाळत नसेल तर फॅमिली कोर्टात जाऊन ती सही मिळवायची. आयआरएस त्या भांडणात पडत नाही. नाक मुठीत धरून मी १०४०-एक्स हे दुरुस्तीचं रिटर्न भरलं: दोन हजार डॉलरचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे करात मिळणारी सूट) परत, हेड ऑफ हाउसहोल्डमुळे वाचलेला कर परत, वर व्याज. हेड ऑफ हाउसहोल्ड तर ८३३२ हातात असतं तरी मला मिळालं नसतं. ते आणि पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट, दोन्ही मूल ज्याच्या घरी राहतं त्याचंच.

म्हणून तुम्ही सही केली नसेल आणि रात्री तुमच्याकडे जास्त असतील, तर अजिबात मागे सरू नका. त्याने आधी भरलं म्हणून त्याचा हक्क होत नाही. आयआरएसच्या साइटवर स्वतःसाठी सहा आकडी आयपी पिन (रिटर्न भरणारे तुम्हीच, हे पटवणारा गुप्त क्रमांक) घ्या आणि तेच रिटर्न पुन्हा ई-फाइल करा. २०२५ मधल्या रिटर्न भरण्याच्या मोसमापासून पिन असेल तर डिपेंडंट दोनदा आला तरी रिटर्न घेतात. पिन मिळायला अडचण आली तर कागदावर छापून टपालाने पाठवा. २०२५ साठी क्रेडिट २,२०० डॉलर आहे, आणि स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) सिंगलला १५,७५० तर हेड ऑफ हाउसहोल्डला २३,६२५. फरक बघा आणि मग ठरवा सोडायचं का.

पुढे सीपी ८७ए आलंच तर घाबरू नका. तुमचं बरोबर असेल तर त्या पत्राला काहीच करायचं नसतं. दोघांपैकी कुणीच रिटर्न दुरुस्त केलं नाही तर टपालाने तपासणी लागते. त्यासाठी शाळेकडून मुलाचा पत्ता आणि तुमचं नाव असलेलं, निम्म्याहून जास्त वर्ष भरणारं पत्र आत्ताच मागून ठेवा, तसंच मुलाच्या डॉक्टरांकडूनही. शाळा सुटली की ऑफिसात कुणी भेटत नाही.

आणि पुढे कधी समजुतीने एखादं वर्ष त्यांना द्यावंसं वाटलं तर ८३३२ चा फक्त पहिला भाग भरा, त्या एका वर्षापुरता. दुसऱ्या भागात 'यापुढची सगळी वर्षं' लिहायची सोय आहे, तिकडे पेन नेऊ नका. रद्द करता येतं, पण ज्या वर्षी कळवाल त्याच्या पुढच्या वर्षापासून.

आमच्याकडे आता सम वर्षाचा फॉर्म मुलाच्या दप्तरातून येतो. मागच्या फॉर्मवर वरणाचा डाग होता. तसाच स्कॅन करून जोडला, चालला.