तुझा तो दोन पानी फॉर्म बघितला

अगं, तुझा फॉर्म मिळाला. वकिलांच्या ऑफिसात जॉईन होऊन महिनाही नाही झाला आणि त्यांनी क्लायंटची माहिती घ्यायची आणि सांभाळायची पद्धत बसवायला तुलाच सांगितलं, म्हणजे पोरगी तरुण आहे, कॉम्प्युटर येतो, करेल काहीतरी, असाच हिशोब असणार. पण काम लई मोठं आहे आणि ते तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही, म्हणून लिहायला बसले, फोनवर निम्मं राहून जातं.

आधी फॉर्म. नाव, पत्ता, मोबाईल ठीक. मग जात, धर्म, रक्तगट (हा कशाला गं?), आधार, पॅन, नवऱ्याचा पगार, घरात कोण कोण असतं, आणि शेवटी "केसची सविस्तर माहिती". एकेका रकान्यावर बोट ठेव आणि विचार, हे नसेल तर काम अडतंय का. भाडं थकलंय म्हणून नोटीस काढायची असेल तर जात कशाला पाहिजे? जात पडताळणीचं प्रकरण असेल तेव्हा घे की. पोटगीच्या केसमध्ये पगार, बँक खाती, कर्जं सगळंच लागतं, रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, पण ते त्या केसपुरतं. सरसकट सगळ्यांकडून घेऊन कपाट भरायचं आणि मग त्या कपाटाची राखण करायची, हा धंदा आपला नाही. नुसती ओळख पटवायची असेल तर मास्क केलेलं आधार घे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तेवढे बास होतात.

आणि जे खरंच सगळ्यात आधी पाहिजे तेच फॉर्ममध्ये नाही. समोरच्या पार्टीचं नाव! माणूस खुर्चीत बसला की मन मोकळं करायला लागतो, त्याच्या आधीच त्याला थांबवून विचारायचं, कुणाविरुद्ध आहे, गाव कुठलं, वडिलांचं नाव काय, जमिनीचं असेल तर गट नंबर काय. नुसतं आडनाव घेऊन चालत नाही, करवीर तालुक्यात पाटील शोधायला गेलीस तर ऑफिसचं अर्धं रजिस्टर निघेल. वाटणीच्या भांडणात हे नेहमी होतं बघ, धाकटा भाऊ एका पार्टनरला भेटून गेलेला असतो आणि पुढच्या आठवड्यात थोरला दुसऱ्या पार्टनरसमोर सातबारा पसरून बसतो, दोघांचंही ऐकून झालेलं, आता कुणाचं घेणार? ज्या कामात आपण सल्ला दिलाय किंवा कागद तयार केलेत त्यात उलट बाजूने उभं राहता येत नाही हे बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या संस्थेच्या, नियमात आहेच. म्हणून आधी नावं, मग रजिस्टर बघायचं, मग गोष्ट ऐकायची. वेबसाईटवरच्या फॉर्मलाही तेच, नाव, नंबर आणि समोरच्याचं नाव घे, "तुमची समस्या लिहा" असली मोठी चौकट ठेवू नकोस, लोक रात्री दोन वाजता अख्खा संसार लिहून पाठवतात आणि आपण अजून त्यांचे वकीलही झालेलो नसतो.

आता माहिती बाहेर जाते कुठून ते सांगते. तुमच्या ऑफिसात सायबर सिक्युरिटीवर मीटिंग झाली म्हणालीस, होऊ दे, चांगलंच आहे, पण कोल्हापुरात गुपित हॅकरमुळे कमी आणि ओळखीमुळे जास्त फुटतं. इथं कोण कुणाचा पाव्हणा निघेल सांगता येत नाही. कसबा बावड्याला कोर्टाच्या पॅसेजमध्ये उभं राहून मोठ्याने "त्या घटस्फोटवाल्या मॅडमचं काय झालं" म्हणायचं नाही, मागे चहा पिणारा नवऱ्याचा मावसभाऊ असू शकतो. दुसरं म्हणजे झेरॉक्सचं दुकान. घाईत क्लायंटच दुकानदाराच्या नंबरवर कागद पाठवतो, नाहीतर आपला कारकून तिथल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडतो, प्रिंट मिळते, दोघं निघून येतात. त्या कॉम्प्युटरचा डाउनलोड फोल्डर कधी उघडून बघ. आधार, पासबुक, मेडिकल रिपोर्ट, जबाब, एकाखाली एक, आणि पुढचा गिऱ्हाईक आपली फाईल शोधत त्यातूनच खाली खाली जात असतो. ऑफिसात एक साधा प्रिंटर-स्कॅनर ठेवायला लाव, टोनर महाग पडतो म्हणतील, म्हणू देत.

तिसरं, पाठकोरे कागद. काटकसर म्हणून जुन्या ड्राफ्टच्या मागच्या बाजूवर प्रिंट काढायची सवय सगळ्या जुन्या ऑफिसांत आहे, मीही बचतीच्या विरोधात नाही, पण एका क्लायंटला दिलेल्या कच्च्या नोटिशीच्या पाठीवर दुसऱ्या बाईचा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज छापलेला असला तर? बलात्काराच्या किंवा पॉक्सोच्या (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) केसमध्ये पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि पॉक्सोचं कलम २३ काढून वाच. त्या फायली वेगळ्या कपाटात, चावी एकाकडे, आणि फाईलच्या पाठीवर नाव नाही, फक्त नंबर. रद्दी विकायची नाही, फाडायचं मशीन घ्या.

कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, आणखी एक भानगड वाढलीय. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं! फेरफार, पंचनामे, जबाब, सगळं हायकोर्टासाठी इंग्रजीत लागतं, सहा जिल्ह्यांचं काम, आणि उद्याच फाईल करायचंय. मग ज्युनिअर काय करतात, जबाब जसाच्या तसा उचलून फुकटच्या भाषांतराच्या साईटवर नाहीतर चॅटबॉटमध्ये टाकतात. नावासकट, पत्त्यासकट! ते तिकडे कुठल्या सर्व्हरवर जातं, किती दिवस राहतं, त्यावरून तो चॅटबॉट पुढे काय शिकतो, तुला माहीत आहे का? मला सांगता येणार नाही आणि क्लायंटला तर आपण विचारलेलंच नसतं. वापरायचंच असेल तर ऑफिसने ठरवलेलं, अटी वाचून घेतलेलं काहीतरी वापरा, आणि नावं, नंबर काढून. नाहीतर माणसाकडून करून घ्या, दोन दिवस जास्त लागतील.

कायद्याचं विचारलं होतंस. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. "वकिलांना तो लागत नाही" असं बाररूममध्ये ठोकून सांगणारे भेटतील तुला. अर्धवट आहे ते. कलम १७ मध्ये सूट आहे, पण कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी जेवढं लागतं तेवढ्यापुरती, आणि त्या सुटीतही माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी सुटत नाही, ती चुकली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. शिवाय स्टाफचे पगाराचे कागद, नोकरीला आलेल्यांचे बायोडेटा, दिवाळीच्या शुभेच्छांची यादी, यात कसला आलाय दावा? ते सुटीत बसवायला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

पण खरं सांगू, आपल्यावरचं बंधन या कायद्याच्या कितीतरी आधीचं आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. क्लायंटने वकील म्हणून जे सांगितलं ते त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय बाहेर काढायचं नाही, केस संपली, वकीलपत्र काढून घेतलं, तरी नाही. आणि हे कारकून, दुभाषी, ऑफिसातला नोकर सगळ्यांना लागू आहे. हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं बघ! तू बसवून सांग, मराठीत, अर्धा तास काढून. अपवादही सांग, पुढचा गुन्हा करण्यासाठी कुणी आपला सल्ला घेत असेल तर तिथं हे संरक्षण नाही.

पोलिसांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या क्लायंटचे चॅट जरा पाठवा", तर तू एकटीने काही बोलायचं नाही, लगेच सिनिअरला सांगायचं. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय की क्लायंटच्या केसची माहिती काढायला वकिलाला असं सहज समन्स पाठवता येत नाही, अपवादात बसत असेल तरच, तेही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीनं. फोनवर गोड बोलून मागितलं तर देण्याचा प्रश्नच नाही.

राहिलं काम संपल्यावरचं. फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवायची नाही, आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० सालीच सुप्रीम कोर्टाने ते सांगितलंय, फीसाठी वेगळा मार्ग आहे. कागद परत देताना यादी कर, मूळ खरेदीखत कुठलं, नकला कुठल्या, पोच घे, तारीख टाक. आणि "मी त्याचाच भाऊ, त्यानंच पाठवलंय" म्हणून कुणी आलं, कितीही ओळखीचा असला, तरी बसवून चहा दे आणि क्लायंटच्या रजिस्टरमधल्या नंबरवर फोन लाव, भाऊ देतोय त्या नंबरवर नाही.