टेम्पो ठरवण्याआधी: नौदलतळावर बदली झालेल्या कुटुंबांचे प्रश्न

बदल्यांचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत क्वार्टर, दाखला आणि टेम्पो हे तीन शब्द हमखास असतात. या वेळच्या चार पत्रांना उत्तरं देत आहोत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण जास्त घरं तिथेच अडतात.

मालकांची मुंबईहून कारवारला बदली झाली. मी दोन लेकरांना घेऊन उदगीरला सासरी आहे. ते म्हणतात, "मी हजर झालो की लगेच सामान घेऊन ये." घरातलं सगळं न्यावं का? भाडं सरकार देतं म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक, उदगीर

ताई, आधी टेम्पो थांबवा. क्वार्टर मिळाल्याचं पत्र हाती पडेपर्यंत उदगीरहून एक पातेलंही हलवू नका. हजर झाल्यावर तुमच्या पतींचं नाव निवासाच्या प्रतीक्षायादीत लागेल. नंबर कधी येईल ते हुद्दा आणि रिकामी घरं यांवर ठरतं. सामान आधी नेलं तर भाड्याची खोली घ्यावी लागते, पुढे तिथून क्वार्टरला दुसरी खेप होते आणि त्या खेपेचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.

भाडं मिळतं, पण मर्यादेत. सातव्या वेतन आयोगानुसार वेतनाच्या लेव्हल ६ पासून पुढे ६००० किलो, लेव्हल ५ ला ३००० किलो आणि त्याखाली १५०० किलो सामान मान्य आहे. रस्त्याने नेलं तर दर किलोमीटरचा ठरलेला दर लागतो. तुमचं सामान मुंबईहून नाही, उदगीरहून निघणार. तेव्हा मुंबई-कारवार धरून जेवढं झालं असतं, त्याहून जास्त मिळणार नाही. वाहतूकदाराकडून बिल्टी (माल गाडीत चढवल्याची पावती) आणि पक्कं बिल दोन्ही घ्या, दोन्हींवर तारीख, गाडीचा नंबर आणि 'कुठून-कुठे' स्पष्ट हवं. वहीच्या पानावरची कच्ची पावती चालत नाही. ओळखीतल्या कुणाकडून वाढीव बिल तर अजिबात करून घेऊ नका, पडताळणीत ते उघडं पडतं आणि नोकरीवर बेततं. याशिवाय मूळ वेतनाच्या ८० टक्के एकरकमी बदली अनुदान असतं. मूळ वेतन ३५,४०० असेल तर २८,३२० रुपये.

पत्राची वाट बघताना कागद नीट करा. खरी अडचण नावांची होते: आधारवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं आणि नवऱ्याच्या सेवानोंदीत तिसरंच स्पेलिंग. तसं असेल तर फाटकाचा पास, दवाखान्याचं कार्ड, शाळा, सगळीकडे एकेक दिवस जातो. क्रम असा ठेवा: ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून विवाह नोंदणीचा दाखला, मग त्यावरून आधारमध्ये दुरुस्ती आणि शेवटी पतींच्या युनिटच्या कार्यालयामार्फत सेवानोंदीत दुरुस्ती. खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या 'कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्स'कडे असतात, म्हणून हे काम फोनवर होत नाही, कागद युनिटमधूनच पुढे जातो. धाकट्या लेकराचा जन्म तिथे नोंदवला आहे का तेही विचारा. राहिलेला असतो, बऱ्याचदा.

क्वार्टरचा ताबा घेताना एमईएसचा, म्हणजे लष्करी इमारतींची देखभाल करणाऱ्या खात्याचा, माणूस यादी घेऊन येतो. त्याला 'मार्चिंग-इन' म्हणतात. पंखे किती, रेग्युलेटर चालू आहेत का, खिडकीची काच, नळाच्या तोट्या, फ्लशची टाकी, गीझर, किल्ल्यांचे जोड: प्रत्येक वस्तू चालवून बघा आणि मोडकं असेल ते यादीवर लिहूनच सही करा. "नंतर करून देतो" या शब्दाला किंमत नाही. घर सोडताना हीच यादी काढतात आणि न लिहिलेली तडा गेलेली काच 'बॅरेक डॅमेज' म्हणून पगारातून कापली जाते. मीटरच्या आकड्याचा त्याच दिवशी फोटो काढा. पलंग, टेबल, खुर्च्या एमईएसकडून भाड्याने मिळू शकतात. काय मिळतं ते विचारल्याशिवाय जड लाकडी सामान नेऊ नका.

कापसाच्या गाद्या आणि प्लायवूडचं कपाट उदगीरलाच ठेवा. कारवारला पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्याकडच्या चौपट. जुलैत गादीला बुरशी धरते आणि प्लायवूड फुगतं. स्टीलचे डबे, नायलॉनच्या दोऱ्या, दोन मजबूत ताडपत्र्या न्या. आणि हो, पाण्याची टिपं (पिंपं) नेऊ नका. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून आपल्याकडे टिपावरचा जीव सुटत नाही, हे कळतं.

पावसाळ्यात टेम्पो काढू नका. विजयपुरापासून पुढे राष्ट्रीय महामार्ग ५२ लागतो, आपल्या बीड-तुळजापूरवरून जाणारा तोच. हुबळी, यल्लापूर करून तो अरबैल घाट उतरतो आणि अंकोल्याला मिळतो. तिथल्याच किनारी महामार्गावर शिरूरला जुलै २०२४ मध्ये मोठी दरड कोसळली होती. मे संपायच्या आत किंवा दसऱ्यानंतर निघा. कारवारात कन्नड आणि कोकणी चालते, मराठी बऱ्याच जणांना कळते, त्याची काळजी नको.

मुलगा नववीत आहे, नांदेडला मराठी माध्यमात, राज्य मंडळ. त्याचे वडील विशाखापट्टणमला आहेत. नववी झाली की त्याला तिथल्या केंद्रीय विद्यालयात दहावीला घालता येईल का? मुलगी सहावीत आहे.
– एक वाचक, नांदेड

मुलाचं उत्तर: नाही. केंद्रीय विद्यालयात दहावीला बाहेरचा विद्यार्थी घेतला तर तो सीबीएसईच्या अभ्यासक्रमातूनच आलेला लागतो. राज्य मंडळाची नववी त्यात बसत नाही. खासगी शाळा "बघू" म्हणतील, पण नववीची नोंदणी सीबीएसईकडे झालेली नसताना दहावीचा फॉर्म भरणं म्हणजे मुलाचं वर्ष टांगणीला लावणं. दहावी नांदेडलाच करा आणि अकरावीला हलवा. हाच प्रश्न तुम्ही गेल्या वर्षी, तो आठवीत असताना विचारला असता तर वाट होती: नववीला बाहेरच्यांसाठी प्रवेश परीक्षा असते, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र मिळून १०० गुण, तीन तास, एकूण ३३ टक्के लागतात.

मुलीचं सोपं आहे. दुसरी ते आठवी प्रवेश परीक्षा नाही, जागा आणि प्राधान्यक्रम बघतात. मागच्या सात वर्षांत वडिलांच्या किती बदल्या झाल्या यावर क्रम लागतो, म्हणून युनिटकडून बदल्यांच्या तारखांसह प्रमाणपत्र घ्या. नौसेनाबागमधल्या केंद्रीय विद्यालयांबरोबर नेव्ही चिल्ड्रन स्कूलचाही अर्ज भरा, एकाच दारावर अवलंबून राहू नका.

घोटाळा तारखांचा होतो. आपला निकाल मेच्या सुरुवातीला लागतो, शाळा जूनमध्ये उघडते. केंद्रीय विद्यालयाचं वर्ष १ एप्रिललाच सुरू होतं. जूनमध्ये पोचलात तर दीड महिन्याचा अभ्यास होऊन गेलेला असतो. दाखल्याचा अर्ज आधीच देऊन ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत मागा, परराज्यात जाणार म्हणून त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या आणि यू-डायसवरचा (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) मुलीचा 'पेन' हा कायम क्रमांक लिहून घ्या. जुन्या शाळेने तिथून नाव सोडलं नाही, तर नवी शाळा नोंदणी करू शकत नाही.

बाहेर शिकली तर महाराष्ट्रातला हक्क जातो का, ही भीती बऱ्याच पालकांना असते. अभियांत्रिकीच्या प्रवेशात सेवेत असलेल्या महाराष्ट्रवासी सैनिकांच्या मुलांसाठी 'डीईएफ-२' हा वेगळा गट आहे. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो, तो गाव सोडण्याआधी तहसीलमधून काढून ठेवा.

बीडहून गॅस आणि मोटारसायकल (एमएच-२३) विशाखापट्टणमला कशी न्यायची?
– एक वाचक, बीड

गॅस न्यायचाच नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करा, अनामत परत मिळेल आणि 'टर्मिनेशन व्हाउचर' मिळेल. ते मूळ व्हाउचर दाखवून नव्या गावी त्याच कंपनीचं कनेक्शन घ्या. अनामत तिथे आजच्या दराने भरावी लागते, आणि फरक बराच असतो. शेगडी मात्र न्या.

मोटारसायकल रेल्वे पार्सलने जाते. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट गाडी आहे आणि पार्सल नांदेडलाच चढवा. छोट्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात मोटारसायकल चढत नाही. आदल्या दिवशी जा. टाकी पूर्ण रिकामी हवी, पेट्रोलचा वास आला तरी परत पाठवतात. आरसे काढून घ्या, हेडलाइट आणि टाकीवर पुठ्ठा लावून वरून गोणपाट शिवा, हँडल लॉक करू नका कारण हमालाला गाडी ढकलता यायला हवी. आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. नाव, फोन आणि स्टेशन पुठ्ठ्यावर लिहून गाडीला दोन ठिकाणी बांधा. पोचल्यावर लगेच सोडवा, उशिराचं भाडं चढतं.

दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी बीडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते. दर बदलीला हे नको असेल तर बीएच (भारत) मालिकेचा, सगळ्या राज्यांत चालणारा नंबर घ्या. संरक्षण दलातल्यांना तो मिळतो आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. गाडी दहा वर्षांची झाली असेल तर आमचं ऐका, धाकट्या दिराला देऊन टाका. खाऱ्या हवेत तिची साखळी आणि सायलेन्सर फार दिवस टिकणार नाहीत.

सासूबाईंना शुगर आहे, त्या सोबत येतील. आणि तिकडे ज्वारी मिळते का?
– एक वाचक, अंबाजोगाई

सासूबाईंचं नाव अवलंबित म्हणून सेवानोंदीत असेल आणि कार्ड असेल तरच नौदलाच्या दवाखान्यात औषधं मिळतात. विशाखापट्टणमला कल्याणी, कारवारला पतंजली, कोचीला संजीवनी. नाव नसेल तर अर्ज आता करा, उत्पन्नाचा दाखला लागतो. जुने रिपोर्ट, शेवटची चिठ्ठी आणि महिन्याच्या गोळ्या सोबत ठेवा. इन्सुलिन असेल तर थर्मासमध्ये, बर्फाला चिकटू न देता. गोठलं की ते वाया गेलं.

ज्वारी विशाखापट्टणमला 'जोन्नलु' आणि कारवारला 'जोळ' म्हणून मागा. पहिल्या दोन महिन्यांपुरती दहा-पंधरा किलो घरून न्या, पण दाणा न्या, पीठ नको. दमट हवेत पिठाची विरी लवकर जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. पोचल्यावर गिरणी शोधा, आठवड्यापुरतंच दळा. येसर (आमटीचं मसाल्याचं पीठ) न्यायचं तर कोरडं भाजून, काचेच्या बरणीत, आणि चमचा ओला लागू देऊ नका.