शिक्षा कडक असूनही लोक पुढे का आले? नागपूरच्या झेंडा सत्याग्रहावरून

तुम्ही विचारलंय: दडपशाहीच्या कायद्यांमुळे चळवळ वाढली असं पुस्तकात असतं, पण शिक्षा कडक म्हटल्यावर माणसं घाबरून गप्प बसायला हवीत, मग उलट कसं झालं? आणि आपल्या नागपूरचं काही उदाहरण आहे का?

पहिली गोष्ट, माणसं घाबरायचीच. 1908 मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली, म्हणजे 124 अ खाली, सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवलं. त्याच सुमारास नागपुरात 'देशसेवक'चे संपादक अच्युतराव कोल्हटकरही तुरुंगात गेले. 1910 च्या प्रेस कायद्याने छापखान्यांकडून अनामत रक्कम मागायला सुरुवात झाली. पुढची काही वर्षं सगळं थंडच होतं. तेव्हा जितकं दाबलं तितकं उसळलं, हा सरसकट नियम मला पटत नाही. राजद्रोहाचं कलम लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी होतं. इतवारी बाजारातला दुकानदार किंवा खेड्यातला शेतकरी त्यात सापडणार कसा? तो ना अग्रलेख लिहायचा, ना भाषण ठोकायचा.

चित्र पालटलं ते सरकारने साध्यासुध्या गोष्टींवर बंदी आणल्यावर. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे 1923 चा झेंडा सत्याग्रह. चरख्याचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून जायचं, एवढाच आग्रह. तिथे साहेबांचे बंगले आणि सरकारी कचेऱ्या. शहरात झेंडा फिरवा, पण या हद्दीत आणायचा नाही, असं सरकारचं म्हणणं. त्यासाठी हुकूम काढला 144 कलमाखाली. हे कलम खरं म्हणजे दंगा किंवा तातडीचा धोका टाळण्यासाठी होतं. हुकूम मोडला की 188 कलम लावायचं, सरकारी आदेशाची अवज्ञा म्हणून.

आता व्यवहार बघा. रोज थोडे स्वयंसेवक झेंडा घेऊन निघायचे, हद्दीपाशी पकडले जायचे. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी हजर. हातात शस्त्र नाही, तोंडी भाषण नाही. ज्याला चालता येतं आणि काठी धरता येते, तो या लढ्याला पात्र! ही पात्रता सरकारनेच हुकूम काढून ठरवून दिली होती. राजद्रोहाच्या कलमात हे कधी घडलं नसतं. जबलपूरहून, गुजरातेतून माणसं येऊ लागली. बाहेरून आलेल्या काहींना तर 109 कलम लावलं. हे कलम पोटापाण्याचं साधन न सांगता येणाऱ्या भटक्यांसाठीचं. घरची शेती असलेल्या शेतकऱ्याला भटक्या ठरवलं, याची चीड मला आजही येते.

17 जूनला या सत्याग्रहाचे पुढारी, वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज पकडले गेले. अठरा महिने कैद आणि तीन हजार रुपये दंड. दंड भरायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची मोटार जप्त झाली. लिलावात मात्र नागपुरात बोली लावायला कुणी पुढे येईना. माझ्या मते या सत्याग्रहातला हा सर्वांत बोलका प्रसंग. तुरुंगात जायची ज्यांची तयारी नव्हती, तेही गप्प उभे राहून यात सामील झाले. विनोबाही याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. दीड हजारांहून अधिक लोक पकडले गेले आणि अखेर 18 ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली, कुणी अडवली नाही. मग कैदीही सुटले.

1927 मध्ये नागपूरचे कार्यकर्ते मंचरशा आवारी यांनी शस्त्र कायद्याविरुद्ध नागपुरात तलवारी घेऊन सत्याग्रह केला. तलवार हाती घेऊन सत्याग्रह होत नाही, असं गांधीजींचं मत पडलं. मला या बाबतीत गांधीजींचंच पटतं.

विदर्भातल्या खेड्यांना खरा हात घातला तो 1930 च्या जंगल सत्याग्रहाने. वन कायद्याने राखीव जंगलात परवानगीशिवाय गवत कापणं गुन्हा ठरवलं होतं. बैलाला चारा हवा तर परवाना, चराईला पैसे, जळणाला पैसे. आजोबा-पणजोबा ज्या रानातून मोळी आणायचे, तिथे आता नाकेदार उभा. त्यामुळे 10 जुलैला पुसदजवळ विदर्भातले नेते बापूजी अणे यांनी विळा घेऊन गवत कापलं, तेव्हा त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. विळा तर घरोघरी होताच.

प्रकल्पासाठी विचारत असाल तर रौलट कायद्याचा (1919 चा, खटल्याशिवाय कैदेत टाकू देणारा) परिच्छेद छोटा ठेवा. 144, 188 आणि 109 ही तीन कलमं घेऊन प्रत्येकात नेमका कोण सापडला ते मांडा. एखाद्या सकाळी संविधान चौकातून विधान भवनापर्यंत पायी जाऊनही या. 1923 मध्ये झेंडा घेऊन ज्या सिव्हिल लाइन्समध्ये शिरता येत नव्हतं, ती हीच.