छाती 39, कंबर 33, सीट 41, मग पॅटर्न कोणत्या साइझचा घ्यायचा?

ताई, तुमचा प्रश्न असा की दुकानात एल साइझची कुर्ती बसते, आता अमेरिकन कंपनीचा ए-लाइन ड्रेसचा पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा कागदी नमुना, घ्यायचाय, आणि तक्त्यात बघितलं तर छाती 39 म्हणजे 16 अन् 18 च्या मधात, कंबर 33 म्हणजे 18 अन् 20 च्या मधात, सीट 41 पुन्हा 16-18 च्या मधात. माझं सरळ उत्तर, बहुतेक 14 घ्यावा लागेल. पण त्याआधी एक माप घ्या जे तुम्ही लिहिलंच नाही, अप्पर चेस्ट, म्हणजे छातीच्या उभाराच्या वरचं माप.

आधी आकड्याचं सांगते, कारण 16-18 बघून पुष्कळ जणी तिथेच नाराज होतात. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक, व्होग या जुन्या अमेरिकन पॅटर्न कंपन्यांचे तक्ते 1960 च्या दशकाच्या शेवटी बसवलेले आहेत अन् आजही जवळपास तेच चालू आहेत. रेडिमेडवाल्यांनी मात्र तेवढ्यात आपले आकडे खाली खाली आणले. त्यामुळे पॅटर्नच्या 14 चा अन् दुकानातल्या 14 चा किंवा एल-एक्सएलचा काही संबंध नाही. तक्ता असा आहे: 14 म्हणजे छाती 36, कंबर 28, सीट 38. 16 म्हणजे 38-30-40, 18 म्हणजे 40-32-42. नुसतं नाव आहे ते, लेबल तर कपड्यावर लागणारही नाही.

आता अप्पर चेस्ट काहून पाहिजे ते ऐका. हे पॅटर्न बी कप धरून काढलेले असतात, म्हणजे अप्पर चेस्ट अन् भरल्या छातीत साधारण 2 इंचाचा फरक. तुमचा फरक त्याहून जास्त असेल आणि तुम्ही छातीवरून 18 घेतला, तर छाती बसेल पण सोबत खांदा, गळा, मुंढा (बाही जोडायची गोलाई) सगळंच 18 चं येईल. खांद्याची शिलाई दंडावर उतरते, गळा फाकतो, काखेत कापडाची घडी जमा होते. आणि खांदा-मुंढा दुरुस्त करणं हे शिवणातलं सगळ्यात किचकट काम आहे, तयार कपड्यात तर ते जवळपास होतच नाही. साइडची शिलाई सोडणं-दाबणं त्यामानाने काहीच नाही. म्हणून साइझ निवडायचा तो खांद्याच्या हाडापेराला बसणारा, बाकी सगळं वाढवता येतं. फक्त स्कर्ट किंवा पँट शिवायची असेल तर सीटवरून निवडा.

माप घेताना रोज घालता तीच ब्रा घाला, ड्रेसखाली जी घालणार ती. अप्पर चेस्टसाठी टेप काखेतून वर, छातीच्या उभाराच्या वरून, पाठीवरून फिरवून घ्यायची, घट्ट नाही पण बसलेली. भरल्या छातीला टेप पाठीमागे घसरते आणि माप चुकतं, स्वतःला दिसत नाही ते, म्हणून घरातल्या कोणाला तरी मागून बघायला सांगा. कंबर कुठे आहे यावर तर प्रत्येकीचं वेगळं मत असतं, त्यासाठी एक नाडी पोटाला बांधा आणि दोन-चारदा बाजूला वाका, नाडी जिथे जाऊन थांबेल ती कंबर. सलवारची नाडी बांधतो ती जागा खाली असते, ती नाही. सीट मात्र सगळ्यात रुंद जागी, आणि एकदा बसूनही मोजा.

समजा तुमचं अप्पर चेस्ट 36 आलं. भरली छाती 39, फरक 3 इंच, म्हणजे 2 च्या वर. मग अप्पर चेस्टलाच छाती समजून तक्त्यात बघायचं, 36 म्हणजे 14. आता 14 ची छाती 36, तुमची 39, तर 3 इंच पुढच्या भागात वाढवायचे. पुढच्या भागाचा कागद अर्धाच असतो, फोल्डवर ठेवायचा, म्हणून कागदात दीड इंच. टकच्या टोकाजवळ, छातीच्या उभाराचा सगळ्यात पुढचा बिंदू येतो तिथे, म्हणजे अपेक्सला खूण करा, तिथून खाली घेरापर्यंत सरळ रेघ, वर मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत एक तिरकी रेघ आणि साइडच्या टकच्या मधून अपेक्सपर्यंत तिसरी. रेघांवर कापा, पण मुंढ्याच्या शिलाईपाशी कागद तुटू देऊ नका, तिथे बिजागरीसारखा अडकलेला राहू द्या. मग उभ्या कापाची साइडकडची बाजू दीड इंच बाहेर सरकवा, मधे कागद चिकटवा. साइडचा टक आपोआप मोठा होतो, तो तसाच ठेवायचा, उभाराला जागा तोच देतो. मधल्या बाजूचा कागद खाली आखूड पडतो तेवढी पट्टी जोडून घेराची रेघ एकसारखी करून घ्या. खांदा, गळा, मुंढ्याची लांबी काहीच बदललं नाही, हीच त्यातली खरी गोष्ट.

आणि यातच तुमचं बाकीचं गणित सुटून राहिलं बघा. तो दीड इंच सरळ खालपर्यंत गेला, म्हणजे कंबरेला 28 अधिक 3, 31 झाले. 33 पाहिजे, उरले 2. साइडच्या शिलाईला कापडाच्या चार कडा येतात, प्रत्येकीत अर्धा इंच काखेखालून हळूहळू वाढवत न्या, झालं. सीटला 38 अधिक 3 म्हणजे 41, तुमचंच माप. एक बघा फक्त, ही सगळी वाढ पुढे झाली आहे. पोट पुढे असेल तर चांगलंच, पण सीट मागून भरलेली असेल तर साइडची शिलाई मागे ओढली जाईल, तेव्हा सीटपाशी थोडी वाढ पुढून काढून मागच्या भागाला द्या.

अप्पर चेस्ट 37 किंवा त्याहून जास्त आलं तर फरक 2 चाच किंवा त्याहून कमी, मग ही सगळी भानगड नको, छातीवरून 16 किंवा 18 घ्या.

या दोघांमधून कोणता, ते लूजिंगवर ठरतं, म्हणजे कपडा अंगापेक्षा किती सैल ठेवायचा त्यावर. तक्त्यातलं माप अंगाचं असतं, लूजिंग पॅटर्नमधे आधीच धरलेलं असतं, ते आपल्या मापात वरून मिळवायचं नाही. बटरिक-मॅकॉल्सच्या हिशोबात ड्रेसला छातीत फिटेड म्हणजे 3 ते 4 इंच लूजिंग, सेमी-फिटेड म्हणजे 5 पर्यंत, लूज म्हणजे 8 पर्यंत. पाकिटावर किंवा कागदावर शिवून झाल्यावरचं माप छापलेलं असतं, ते शोधा. मग जसा टेलरकडे मापाचा ब्लाउज नेतो तसा तुमचा सगळ्यात आवडता, न ताणणाऱ्या कापडाचा कुर्ता काढा, बटणं लावून सपाट पसरवा, काखेपासून काखेपर्यंत मोजा. 22 आलं तर दुप्पट 44, त्यातून तुमचे 39 वजा, 5 इंच लूजिंगमधे तुम्हाला बरं वाटतं. तेवढं शिवल्यानंतर ज्या साइझमधे मिळेल तो तुमचा. आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत अंगाला चिकटलेला ड्रेस कोण घालणार, मी तर उन्हाळी कपड्यात 4 च्या खाली जातच नाही. होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडाचे पॅटर्न वेगळे, त्यात कपडा अंगापेक्षा लहानही असतो, हा हिशोब तिथे लावू नका.

उंची विसरू नका. या कंपन्या 5 फूट 5 ते 5 फूट 6 इंच उंचीची बाई धरतात. 14 मधे मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठ साडेसोळा इंच. तुमची पंधरा असेल तर कंबरेचा आकार सीटवर जाऊन बसेल आणि तुम्हाला वाटेल साइझच चुकला. कागदावर लांबी कमी-जास्त करायची रेघ दिलेली असते, तिथेच लांबी दीड इंच कमी होईल अशी घडी घाला, खालून घेर कापून काही होत नाही.

पीडीएफ घेणार असाल तर झेरॉक्सच्या दुकानात स्पष्ट सांगा की शंभर टक्के साइझवर काढा, नाहीतर ते सवयीने पानात बसवून देतात आणि पूर्ण पॅटर्न थोडा थोडा आकसतो. पहिल्या पानावर मोजायचा चौकोन असतो, आधी तेवढं एकच पान काढून पट्टीने मोजा. माया, म्हणजे शिलाईसाठी कडेला सोडलेलं जास्तीचं कापड, ती पण बघा. या अमेरिकन पॅटर्नमधे 5/8 इंच माया धरलेली असते, बुर्दा मासिकाच्या पॅटर्नमधे धरलेलीच नसते, अन् बुर्दाचे साइझ पण वेगळे, 38 म्हणजे छाती 88 सेंटिमीटर. मी तर साइडला नेहमी इंचभर माया ठेवते, आपल्या टेलर लोकांसारखी, पुढे सोडायला बरी पडते.

चांगल्या कापडाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटाचा एक कच्चा ड्रेस टाका, नागपुरात गांधीबाग-इतवारीत कुठेही मिळतो. आधी धुवून घ्या, आटतो तो, आणि तुमचं सुती कापड पण धुवूनच कापा. टीप मोठी ठेवा, उसवायला सोपं जातं. घालून पहिले खांदा बघा, तो बसला की छाती, मग कंबर. खांदा बसला नाही तर खालचं काहीच तपासू नका. मग गाडीचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. पाठीत ताणलं तर साइझ बदलू नका, मागच्या भागाला मुंढ्याच्या मधे पाव इंच द्या आणि परत घालून बघा.