जुनी डीव्हीडी एवढ्यात विकू नकोस

सत्यजित राय यांच्या 'अपू' त्रयीसाठी (अपू या मुलाच्या आयुष्यावरचे तीन चित्रपट) अजून चांगली प्रत येईपर्यंत थांबू का, असं विचारलंस. अजिबात थांबू नकोस. 1993 मध्ये लंडनच्या फिल्म लॅबला लागलेल्या आगीत मूळ निगेटिव्ह होरपळल्या. वाचलेले तुकडे इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये हाताने सांधले, तेव्हा कुठे 2015 मध्ये 4के रिस्टोरेशन, म्हणजे बारीकसारीक तपशील दाखवणारी दुरुस्त प्रत, आलं. पडद्यावर अपूचा डोळा बघ, पापणीन् पापणी दिसते!

फक्त आधी प्लेअर तपास. ब्लू-रे डिस्क आणि प्लेअर यांना रीजन, म्हणजे जगातल्या भागानुसार कोड असतो; तो जुळला नाही तर डिस्क चालत नाही. अमेरिकन ब्लू-रे बहुधा रीजन एची, आपल्याकडचे प्लेअर सीचे. माझी पहिली डिस्क लागलीच नाही, फार हळहळलो. 4के यूएचडी (ब्लू-रेपेक्षा जास्त तपशिलाच्या) डिस्कला सहसा ही अडचण नसते.

आणि जुनी डीव्हीडी ठेव. तिच्यातल्या मुलाखती नव्या प्रतीत असतीलच असं नाही.